एक पर, एक विरोध

प्रति,
मा. स्पर्धा अधिकारी,
वाग्दीप आंतरशालेय वादविवाद स्पर्धा मंडळ,
धारवाड.

विषय : मराठी माध्यमाच्या नववीतील एकमेव विद्यार्थिनी कु. नेत्रा तासगावकर हिला जोडीदाराच्या अटीवरून परत पाठवल्याबाबत, व तिला डिसेंबरच्या फेरीत बोलू देण्याबाबत.

संदर्भ : १) आपल्या मंडळाचे मराठी माहितीपत्रक, अट क्र. ३ व ५.
२) मी स्वतः आपल्या कार्यालयात येऊन गेले ते. आपण जेवायला गेला होतात.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून, खाली सही करणारी मी, सौ. उत्तरा महादेव तासगावकर, राहणार रायापूर, धंदा ब्लाऊज शिवणे, आपणास पुढीलप्रमाणे कळवते. भाषा कुठे कडक वाटली तर ती मुद्दाम तशी आहे, चुकून नाही.

१. माझी मुलगी नेत्रा नववीत शिकते. तिच्या वर्गात ती एकटी आहे. हे मी वाढवून लिहीत नाही. मागची दहावी पास होऊन गेली, यंदा दहावीत कोणी नाही, आठवीतही कोणी आले नाही, आणि नववीत नेत्रा व मनीषा अशा दोघी होत्या, त्यातली मनीषा जूनमध्ये दुसऱ्या शाळेत इंग्रजी माध्यमात गेली. तेव्हा हायस्कूलचा अख्खा मराठी विभाग म्हणजे माझी मुलगी. श्यामलाबाई रोज हजेरी घेतात. एक नाव पुकारतात, एक ‘हजर’ येते, झाली हजेरी. धडा शिकवून झाला की सवयीने विचारतात, “कोण सांगेल?” नेत्रा हात वर करते. मग बाई वर्गभर नजर फिरवून म्हणतात, “हां, नेत्रा, तू सांग.” ताप असला तरी ती जाते, कारण ती गेली नाही तर वर्गच भरत नाही. शेजारी कन्नड विभागाचा वर्ग आहे. ती पोरे हसतात ते भिंतीतून ऐकू येते, कशाला हसली ते येत नाही.

२. अशा मुलीला वाद घालायची आवड लागली. आपले पत्रक शाळेत आले तेव्हा ती ते घरी घेऊन पळत आली. अट क्र. ३ अशी छापली आहे : “प्रत्येक शाळेचे दोन स्पर्धक असावेत, एक पर, एक विरोध.” महोदय, कन्नडमध्ये ‘पर’ म्हणजे बाजूने, हे मला कळते. मी दिवसभर गिऱ्हाइकांशी कन्नडच बोलते. हीच ओळ कन्नड पत्रकात असती तर मी बरोबर वाचली असती. पण आपल्या भाषांतर करणाऱ्याने सगळे पत्रक मराठीत उतरवले आणि हा एक शब्द होता तसा सोडला. आम्ही मराठी पत्रक मराठी डोळ्यांनी वाचले. मराठीत पर म्हणजे परका. आम्हाला अर्थ लागला तो असा : एक बाहेरचा चालेल, आणि तो व आपला एकमेकांच्या विरोधात बोलतील. मी नेत्राला म्हटलेसुद्धा, “बघ, ज्यांना कोणी नाही त्यांचा विचार करणारी माणसं आहेत अजून.” ते आता मागे घेते.

३. नेत्राने मनीषाला विचारले. मनीषा तयार झाली. विषय होता ‘शाळेत गणवेश सक्तीचा असावा’. मनीषाने बाजूने बोलायचे, नेत्राने विरोधात. नेत्राचा पहिला मुद्दा होता की गणवेश एकसारखे दिसण्यासाठी असतो, आणि माझ्या वर्गात मी काहीही घातले तरी आम्ही सगळे एकसारखेच दिसतो. मी ऐकून हसले. ती हसली नाही. तिने तो मुद्दा गमतीने काढलाच नव्हता.

४. स्पर्धेच्या दिवशी नावनोंदणीच्या टेबलावर आपले गुरुराज म्हणून गृहस्थ होते. मनीषा तिच्या शाळेच्या गणवेशात होती. ते म्हणाले, “अक्का, ही पोरगी दुसऱ्या शाळेची दिसते की. बाहेरची चालत नाही.” मी म्हटले, “बाहेरचीच आणा असं तुम्हीच छापलंय.” आणि बोट ठेवून ‘पर’ दाखवले. त्यांनी आधी माझ्याकडे बघितले, मग शेजारच्यांना हाक मारून सांगितले, “अरे, पर म्हणजे परकी म्हणे!” टेबलावरची सगळी माणसे हसली. एकाने चहा सांडला, इतकी हसली. हसण्यासारखे होते हे मी मान्य करते. पण मराठी पत्रकात कन्नड शब्द ज्याने ठेवला त्याला कोणी हसले नाही. मनीषाचे वडील तिला हाताला धरून घेऊन गेले. जाताना ती सारखी मागे बघत होती.

५. नेत्रा रडली नाही. तिने गुरुराजांना विचारले, “सर, मग दोन्ही बाजूंनी मीच बोलू का?” ते म्हणाले, “रूल अंद्रे रूल, मगा.” नियम तो नियम, बाळ. आम्ही मागे खुर्च्यांवर बसून दुसऱ्यांची भाषणे ऐकली. एक मुलगा गणवेशाच्या बाजूने बोलायला उठला आणि तीन वाक्यांनंतर विसरला. त्याच्या जोडीदाराने विरोधी बाजूचा असून खालून त्याला शब्द सांगितला. नेत्रा त्या दोघांकडेच बघत राहिली. बक्षिसे कोणाला गेली ते तिला आठवत नाही.

६. तेव्हापासून ती घरी दोन्ही बाजूंनी बोलते. दाराशी उभी राहून बाजूने बोलते, मग माझ्या शिलाई मशीनजवळ येऊन विरोधात. मध्येच स्वतःला अडवते, आणि परत दाराशी जाऊन म्हणते, “कृपया माझा मुद्दा पूर्ण होऊ द्या.” मी मशीनवरचा पाय थांबवून बसते. यापुढे काय लिहायचे ते मला कळत नाही, म्हणून मागण्यांकडे वळते.

७. डिसेंबरमध्ये खेड्यातल्या शाळांची फेरी आहे. तीत नेत्राला एकटीने दोन्ही बाजू मांडू द्याव्यात. हे मी फोनवर विचारले तेव्हा उत्तर मिळाले, “एकटीनं वाद होत नाही हो.” माझे यजमान तारिहाळच्या कारखान्यात सेकंड शिफ्टला असतात. एकटीने वाद कसा होतो ते मला विचारा. ते जमत नसेल तर मंडळाने आपला कोणी माणूस समोर उभा करावा. कोणीही चालेल. गुरुराज चालतील, त्यांना बोलायची हौस आहे. तेही नसेल तर समोर एक खुर्ची ठेवावी. आमची तक्रार नाही. पोरगी जूनपासून रिकाम्या बाकांच्या सोबतीनेच शिकते आहे.

८. यातले काहीच मान्य नसेल तर अट क्र. ५ पाहावी : “दोन्ही स्पर्धकांची नावे एकाच शाळेच्या, एकाच माध्यमाच्या पटावर असावीत.” ही अट पत्रकाच्या पाठीमागे बारीक अक्षरात आहे, ती तेव्हा आमच्या नजरेतून सुटली. तीत वयाचा उल्लेख नाही. मी पत्रक उलटेपालटे करून पाहिले, कुठेच नाही. माझ्या अप्पांनी सांगलीकडचे दुकान मोडून हुबळीला बस्तान हलवले तेव्हा मला नववीतून काढले. पुढचे लिहिणे-वाचणे मी माझे मी केले, जे हाताला लागेल ते वाचून. काल शाळा सोडल्याचा दाखला घेऊन मी मुख्याध्यापकांकडे गेले आणि नववीत रीतसर प्रवेश मागितला. ते आधी हसले. मग हसायचे थांबले, आणि म्हणाले, “मंडळ तुम्हाला स्पर्धक मानणार असेल तर लिहून आणा, मग मी वरती विचारतो.” तरी आपण लिहून द्यावे. गणवेश मी स्वतः शिवेन. नेत्राला सांगितले तर ती म्हणाली, “आई, तू येच. पण वर्गात मला आई म्हणायला लावू नकोस, आणि माझ्याच बाकावर बस.” दोघींसाठी बाक भरपूर आहेत हे तिला मी सांगितले नाही.

९. मी गणवेशाच्या बाजूने बोलेन. मी हरेन, कारण तिचे मुद्दे चांगले आहेत आणि मला व्यासपीठावर घाम फुटेल. बक्षीस, ढाल, प्रमाणपत्र यातले काही नको. तिचे बोलणे संपल्यावर कोणीतरी उठून “मला हे मान्य नाही” एवढे म्हणावे, एवढीच मागणी आहे.

१०. आणि हा अर्ज फेटाळायचा झाला तर “नियमात बसत नाही” एवढ्या एका ओळीचा कागद पाठवू नये. कारणे सविस्तर लिहावीत, मुद्देसूद, जितकी सुचतील तितकी, आणि पत्र माझ्या नावे न पाठवता नेत्राच्या नावे पाठवावे. ती प्रत्येक मुद्दा खोडून काढेल. आपण पुन्हा उत्तर द्यावे.

रीतीप्रमाणे नम्र लिहायला हवे, ते आहे असे समजावे.

आपली,
सौ. उत्तरा महादेव तासगावकर
रायापूर, धारवाड
दि. १८ नोव्हेंबर २०२५

सोबत : १) माहितीपत्रकाची झेरॉक्स. ‘पर’ शब्दाखालची रेघ माझी.
२) माझ्या शाळा सोडल्याच्या दाखल्याची झेरॉक्स. कोपरा मूळ दाखल्यातच नाही, उंदराने खाल्ला आहे.
३) आमचा पत्ता लिहिलेले, तिकीट लावलेले पाकीट. मोठे घेतले आहे.