बिनवायरची गिटार

शनिवार, संध्याकाळ. सुरत

उद्या इच्छापोरला पप्पांचा भीमगीतांचा कार्यक्रम, आणि माझी गिटार पहिल्यांदाच वायरशिवाय वाजणार. मागे कामरेजला माझ्याच वायरीत पाय अडकून पप्पा स्टेजवर पडले, म्हणून तर हे वायरलेस घेतलं: गिटारला ट्रान्समीटर, स्पीकरला रिसीव्हर. घरी मस्त चाललं. आज कार्यक्रमाच्या हॉलमध्ये मात्र जरा मागे सरकले की आवाज गायब! चार्जिंग पूर्ण, चॅनेलही दोन्हीकडे एकच. मग का? शेवटी कळलं, रिसीव्हर वायफायच्या डब्याला खेटून ठेवला होता, त्याच्या लहरी आड येत होत्या. तो उंच स्टुलावर ठेवला, चॅनेल बदललं, तेव्हा कुठे आवाज टिकला.

पण हॉल रिकामा होता. उद्या गर्दी, आणि प्रत्येकाच्या हातात मोबाइल. भर गाण्यात आवाज गेला तर?

पप्पांना विचारलं, "उद्या जुनी वायरच लावू का?"

"नको बेटा. गिटार थांबली तर मी गात राहीन. मी पडलो तर गाणंच थांबेल."

हसतच म्हणाले. मग हॉलचा जिना उतरताना त्यांनी माझा खांदा धरला. याआधी कधीच धरला नव्हता. केवढा घट्ट धरला होता!