तुटक्या कडेच्या रुपयाचा निकाल

मी, नागोराव लहानू तागडे, वय सहासष्ट, मूळचा भंडारा जिल्ह्यातला, हल्ली राहणार वारजे, पुणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. मी पूर्ण शुद्धीवर आहे. ‘कुणाच्याही दडपणाखाली नाही’ असे यापुढे लिहायचे असते. मालमत्तेपुरते ते खरे आहे. एरवी दडपण आहे आणि मी घाबरलेलो आहे. हे वाक्य काढा म्हणून वकिलांनी सांगितले होते. मी ठेवले आहे.

कलम १. वारज्याचा फ्लॅट पत्नी कांताबाई हिला. हा घेताना मी कांकूं करत होतो, कारण तेव्हा इथे नुसती शेते होती. “शेतात राहायची सवय आहे आपल्याला,” असे म्हणून तिने विषय मिटवला. ‘हा विकून मोठा घेऊ’ असे तिच्यासमोर तिच्या हयातीत कुणीही म्हणू नये.

कलम २. बँकेतली शिल्लकही तिचीच.

कलम ३. पुतण्या शुभंकर याने एका दिवाळीत मला खूश करण्यासाठी माझी जुनी तांब्याची नाणी चिंचेने घासून लखलखीत केली. जुन्या नाण्यावरची काळपट साय हाच त्याच्या वयाचा पुरावा असतो. पुरावा गेला, नाण्यांची किंमतही गेली. शुभंकरला घरातले तांब्याचे घंगाळ द्यावे. ते त्याने हवे तितके घासावे.

कलम ४. दर रविवारी माझ्याकडे नाणेसंग्राहक येतात. टांकसाळीत चुकून बिघडलेल्या नाण्याला धड नाण्यापेक्षा भाव असतो, म्हणून काही लोक अशा चुका घरी तयार करतात. टांकसाळीची चूक कोणती आणि कुणी कानस चालवली, हे मी भिंगातून बघून चिठ्ठीवर लिहून देतो. कारखान्याच्या प्रेस शॉपमध्ये जन्म गेला, त्यामुळे दाबाखाली धातू कसा वागतो ते मला कळते. माझी चिठ्ठी बाजारात चालते. तीच आता माझ्या गळ्याशी आली आहे.

रविवार पेठेतले नाण्यांचे व्यापारी रामदासशेठ यांनी सन १९५० चा निकेलचा एक रुपया वाघोलीच्या एका गृहस्थांना विकला. त्याच्या कडेचा चंद्रकोरीएवढा तुकडा गेलेला आहे. गृहस्थांना संशय आला आणि त्यांनी माझी चिठ्ठी मागितली. त्यांची माणसे आधी हात उचलतात आणि मग बोलतात, असे ऐकतो. त्यामुळे रामदासशेठ स्वतःच घाबरलेले आहेत, आणि घाबरलेल्या माणसाचा काही नेम नसतो.

माझा निकाल असा: हा रुपया बनावट आहे. टांकसाळीत पत्र्यातून चकत्या कापताना पंच आधीच्या भोकावर पडला तर चकतीचा तुकडा जातो. पुढे तिची कड उचलताना तुटक्या जागेच्या बरोबर समोर दाब बसत नाही, आणि तिथली कड पुसट राहते. म्हणून तुटलेले बघत बसू नये, त्याच्या समोरचे बघावे. या रुपयाची समोरची कड खणखणीत उभी आहे. म्हणजे नाणे आधी धड पडले आणि नंतर कुणीतरी ते कापले.

रामदासशेठ गेल्या महिन्यात घरी आले. चहा घेतला. म्हणाले, “नागोराव, आपण फक्त ‘अस्सल’ एवढं लिहा. शुद्धलेखन आम्ही तपासून घेऊ.” चपला घालताना म्हणाले, “आपली आम्रपाली हिंजवडीला जाते ना? पुलाखाली कंपनीच्या बसची वाट बघत एकटीच उभी असते. दिसते आम्हाला.”

तेव्हापासून मी रोज मुलीला बसपर्यंत सोडायला जातो. शेजारी एखादी मोटारसायकल मंदावली की मी मुलीच्या आणि रस्त्याच्या मध्ये येतो. ‘अस्सल’ ही चिठ्ठी मी एकदा लिहिलीही आणि फाडली. मी शूर नाही. माझ्यामागे ते तिलाच गाठतील, याची मला फार भीती वाटते. म्हणून निकाल इथे लिहिला. मी गेल्यावर तो सगळ्यांना कळेल आणि मग चिठ्ठीसाठी तिला कुणी छळणार नाही. तोवर माझे तोंड बंद. आम्रपालीला यातले काही माहीत नाही. तिचे नाव या प्रकरणाच्या आसपासही येऊ नये.

कलम ५. माझी सर्व नाणी व भिंग मुलगी आम्रपाली हिला. (हे कलम खोडले आहे.)

दुरुस्ती, आजच्याच तारखेची. साक्षीला शेजारचे धोंडिबा बराटे आणि सोसायटीचे सेक्रेटरी आले होते. साक्षीदाराला मजकूर वाचावा लागत नाही, पण सेक्रेटरींनी डोकावून रामदासशेठांचे नाव वाचले. मग रविवार असूनही त्यांना बँकेतले काम आठवले. ते गेल्यावर आम्रपालीने कागद उचलले आणि उभ्याउभ्याच सगळे वाचले.

“बाबा, म्हणून तुम्ही रोज येता? मला वाटलं, डॉक्टरांनी वॉक सांगितलाय.” मग म्हणाली, “पेन द्या. साक्षीदार मी.”

ज्याला काही मिळते त्याने साक्ष करू नये, असे वकिलांनी बजावले होते. तसे मी तिला सांगितले.

“मग पाचवं कलम खोडा. मला काही नकोय.”

मी म्हटले, “अगं, तुझं नाव यात येऊ नये म्हणून तर एवढं सगळं लिहिलं.”

“माझं नाव त्यांनी ऑलरेडी घेतलंय, बाबा. आता मी घालते. आणि तुम्ही गेल्यावर वगैरे नाही. उद्या सकाळी आपण चौकीत जायचं, हे कागद घेऊन.”

बराटे म्हणाले, “पोरगी म्हंती त्ये बराबर हाय. म्या बी येतो.”

कलम पाच मी खोडले. रेघ वाकडी गेली आहे, पण ती माझीच आहे. नाणी व भिंग आता पुण्याच्या नाणेसंग्राहक मंडळाला द्यावे. भीती गेलेली नाही. उद्या चौकीत बोलताना माझी जीभ अडली तर कलम चार तिने वाचून दाखवावे.

ठिकाण : वारजे, पुणे
दिनांक : ९ मे २००४, रविवार

(सही) नागोराव लहानू तागडे

साक्षीदार :

१. (सही) धोंडिबा मारुती बराटे, राहणार वारजे. मजकूर वाचलेला नाही.

२. (सही) आम्रपाली नागोराव तागडे, राहणार वारजे. मजकूर वाचला आहे.