राजघाटच्या पुलापलीकडे

६ जाने.
ठंडी फार. सासूबाईंचं अंघोळीचं पाणी दोनदा तापवलं. पहिलं "कोमट" म्हणून परत. मग सोवळ्यात वरण-भात, माझ्याच हातचा लागतो. बारा वर्षं झाली त्यांनी क्षेत्रसंन्यास घेतला. मरेपर्यंत काशीची हद्द ओलांडायची नाही, गंगेचा पलीकडचा काठसुद्धा नाही. त्या बसल्या म्हणून मीही बसले. रत्नागिरीला माझी आई गेली तेव्हा ह्यांच्याकडे पूजेसाठी यात्रेकरू आलेले, सासूबाईंपाशी दुसरं कोणी नाही. फोनवर रडले, संपलं. वडील, नाना, अजून आहेत तिथे. शहाऐंशी. एकटे.
कंबर धरली आहे.

८ जाने.
रेवा पुण्याहून आली, दहा दिवस छुट्टी. बॅग ठेवायच्या आत, "आई, आरशात बघ जरा स्वतःला. शनिवारी चुनारला चल." किल्ल्याखालचा गंगेचा खडकाळ काठ, बाटी-चोखा. शेजारच्या मिश्राइन दिवसभर सासूबाईंजवळ बसतील. स्वयंपाक करून ठेवीन. एक दिवस, कोणी हाक न मारणारा. बस.

१० जाने., सकाळ
डोकं फिरायची वेळ आली आहे. सासूबाई शाल पांघरून तयार. "मलाही ने."
"आई, क्षेत्रसंन्यास?" मी विचारलं.
"माहीत आहे. मीच घेतलाय."
हे पहाटेच पूजेला गेलेले. रेवा हसतेय. माझा दिवस गेला.

तोच दिवस, संध्याकाळ
सासूबाईंना खुर्चीत बसवून, उचलून गल्लीतून मैदागिनच्या चौकापर्यंत, तिथून गाडी. गंगेवरचा राजघाटचा पूल आला तशी मी त्यांच्याकडे बघत राहिले, थांबवतील म्हणून. त्यांनी नुसती शाल नीट केली.
चुनारला नदी किल्ल्याच्या कातळाला घासून वळते. खडक उन्हानं तापलेले, चपला काढून बसले. घरचा समुद्र आठवला. शेवाळावरून पाय घसरू नये म्हणून नाना हात धरायचे. खाली एक माणूस गोवऱ्यांवर बाट्या भाजत होता. राखेतून काढायची, फडक्यात झटकायची, तुपात बुडवायची. सोबत वांग्याचा चोखा, लसूण घातलेला. सासूबाईंनी दोन बाट्या खाल्ल्या. परक्याच्या हातच्या, लसणासकट.
इतका राग आला की माझी बाटी तशीच ठेवली. माझी आई गेली तेव्हा माझ्याबरोबर निघायला व्रत मोडलं नाही, ते बाटीसाठी मोडलं. रेवा फोटो काढत होती.

११ जाने.
ह्यांना कळलं. जेवले नाहीत नीट. "आई, तू? अगं, लोकांना काशीचं माहात्म्य मी सांगतो." प्रायश्चित्त करून एकादशीला पुन्हा संकल्प, असं ठरवून मोकळे. सासूबाई म्हणाल्या, "बघू."
पाठ दुखते. रेवानं तेल चोळलं.

१२ जाने.
त्यांचे केस विंचरता विंचरता बोलून टाकलं. "माझी आई गेली तेव्हा का नाही मोडलंत?"
त्यांनी माझ्या हातातली फणी धरली. मग, "तेव्हा भीती होती, काशीबाहेर मेले तर? आता मरणाची वाट बघायचाच कंटाळा आलाय." आणि हळूच, "तुझं वाईट केलं मी."
ऐकून बरं वाटायला हवं होतं. नाही वाटलं. वेणी घालून दिली.

१३ जाने.
उद्या एकादशी. गुरुजी सातला येणार. सासूबाई ह्यांच्यासमोरच म्हणाल्या, "सूनबाई हो म्हणाली तर संकल्पाचं पाणी हातावर घेईन. नाही म्हणाली तर तिच्याबरोबर रत्नागिरीला जाईन." ह्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. म्हणजे आता सगळं माझ्या माथी. वाटेत त्यांना काही झालं तर हे जन्मभर मला... आणि हो म्हटलं तर नाना पुन्हा कधी दिसणार?
दुपारी नानांना फोन लावला. ऐकू कमी येतं. दोनदा नाव सांगितलं. ओळख पटल्यावर दर वेळचं एकच, "कधी येतेस?"
उद्या सांगते, म्हटलं.