दुरुस्त केलेला गाल

४ जानेवारी, स्लाऊ, इंग्लंड
आले एकदाची! खोली झकास, भरपूर उजेड, ऑफिस बसने दहा मिनिटांवर. घरमालक मुरलीधरकाका आणि अनुराधाकाकू, मूळचे साताऱ्याचे. दार उघडताच काकूंची नजर माझ्या डाव्या गालावर गेली आणि चटकन पायपुसण्यावर उतरली. मग आवाजात नुसती साखर, ये गं कस्तुरी, ये. नवव्या वर्षी उकळतं तेल उडालं, गाल भाजला. त्याला तेवीस वर्षं झाली. मला त्याचं काही नाही, लोकांनाच फार होतं बाई.

१७ जानेवारी
काकूंकडे हळदीकुंकू. पंधरा बायका, सगळ्या माझ्या कानाशी बोलत होत्या, तोंडाकडे बघायचा धीर कुणाला? एकीने आपणहून प्लास्टिक सर्जन सुचवला. तिच्या नवऱ्यासाठी मी काही सुचवलं नाही, हे माझे संस्कार. शेवटी ग्रुप फोटो.

१८ जानेवारी
फोटो इथल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आला. त्यात माझा गाल गुळगुळीत! काकूंनी ॲपमधून 'नीट' केला म्हणे, मायेपोटी. खाली पन्नास हार्ट. मी लिहिलं, ही बया कोण? डिलीट करा म्हटलं तर काकूच रडल्या. नसते उपकार!

२२ जानेवारी
माझा फोन माझ्या चेहऱ्याने उघडेना. लॅपटॉपवर फोटोतली ती बया समोर धरली, झटक्यात उघडला. हाही मेला मंडळाचाच मेंबर.

२६ जानेवारी
ताप. दिवसभर अंथरुणात. संध्याकाळी काका म्हणाले, सकाळी बसस्टॉपवर काय गोड हसलीस! मी गालाच्या डागाबद्दल विचारलं. त्यांना डाग आठवेचना.

२७ जानेवारी
ऑफिसच्या दारात सिक्युरिटीने अडवलं. कस्तुरी आधीच आत गेलीय म्हणाला. काचेतून दिसली. माझ्या खुर्चीत. सगळे तिच्या तोंडाकडे बघून बोलत होते. थेट तोंडाकडे. मला — हेवा वाटला. शी!

२८ जानेवारी
आईला व्हिडिओ कॉल केला. या गालाला वर्षानुवर्षं मलम लावणारी माझी आई. तिने विचारलं, कोण तुम्ही? आत्ताच कस्तुरीशी बोलले म्हणाली. मला, पोटच्या पोरीला — तुम्ही —

२९ जानेवारी
खाली तिच्याबरोबर चहा चाललाय. काकू खूश. ती वर आली. दार लावलं होतं, तरी —
शेजारी बसलीय. दुखतं का विचारतेय. चल हट म्हटलं. बोट फिरवतेय गालावरून, हळू, प्रेमाने. गाल — नाही. हात लावला, काहीच नाही तिथे. आता ओठ —
हा चेहरा माझा आहे. जसा आहे तसा माझा. मी कस्तु