हौदातलं शेवाळ पांढरं पडलं त्याबद्दल

अमळनेर

तीर्थरूप आबांना किरणचा वाकून नमस्कार.

तुमचा गुडघा बरा असेल आणि तुम्ही आजीचं न ऐकता शेतात जात असाल, असं धरून चालते. मी मजेत आहे (मेसची डाळ सोडून).

पत्र आभाराचं आहे. मागे तुम्ही शेतातल्या हौदाचं हिरवं पाणी डब्यासोबत एसटीच्या कंडक्टरकडे दिलंत (डबा मैत्रिणींनी संपवला, पाणी माझ्या वाट्याला आलं). त्यातलं एका पेशीचं शेवाळ मी बाटल्यांत वाढवलं. त्याच्या पोटात हिरवे कण असतात (पुस्तकात हरितलवक), त्यांच्या जोरावर ते उजेडात आपलं जेवण बनवतं. हे कण मुळात जंतूंच्या वंशातले, म्हणून जंतू मारायचं औषध त्यांनाही बाधतं. अर्ध्या बाटल्यांत मी औषध घातलं, अर्ध्या तशाच ठेवल्या, आणि वाढता वाढता सगळ्याच पांढऱ्या पडल्या. सर म्हणाले, तू घोळ घातलास, प्रकल्प बाद. मला रडू आलं, कारण यंदा नापास झाले तर पप्पा घरी बोलावून स्थळं बघणार, हे तुम्हाला माहीतच आहे.

तेव्हा फोनवर तुम्हीच म्हणालात, "रडू नको, मी शे ना. पानी मी फवारानी बादलीमा भरेल व्हतं." आबा, लिंबावरच्या खैऱ्या रोगाला आपण जी पावडर मारतो, तेच हे औषध, म्हणजे फवारणीच्या बादलीतून ते सगळ्याच बाटल्यांत आधीच गेलं होतं. हे ऐकून सरांचा नूरच पालटला. मी ते शेवाळ पुन्हा पुन्हा स्वच्छ पाण्यात घेत गेले, त्याच्या कितीतरी पिढ्या झाल्या, तरी पांढरं ते पांढरंच. आयतं खायला घातलं की मजेत जगतं, पण हिरवं होत नाही. आता हाच माझा प्रकल्प. तुमच्या न धुतलेल्या बादलीने माझं वर्ष वाचवलं. तुमचे उपकार फिटायचे नाहीत, आबा, हे अगदी मनापासून लिहिते.

तुमची नात,
किरण

ता. क. आजीशी आत्ता बोलले. बादली तिने राखेने घासून दिली होती, असं ती शपथेवर सांगते. मग औषध आलं कुठून? फवारणी झाली की पंप हौदात कोण खंगाळतं, तेही तिनेच सांगितलं. पप्पा. तेव्हा वरचे आभार निम्मे त्यांना वाचून दाखवा (रागावू नका, निम्मे तुमचेच).

पुन्हा ता. क. खरं काम हे. तोंडी परीक्षेत विचारतील, पंपात पावडर किती होती, आणि ते एकट्या पप्पांना माहीत. त्यांना घेऊन या. माझं कॉलेज त्यांनी अजून पाहिलेलं नाही. पोरीचं कौतुक बघायला चल म्हणालात तर येणार नाहीत. सरांना पावडरीचं प्रमाण कळत नाही, तू येऊन सांग, असं म्हणा. पहिल्या गाडीने निघतील.