आईच्या अंगणातले गोड पानाचे रोप परत मिळणेबाबत

प्रति,
मा. संचालक,
वनस्पती ऊतिसंवर्धन केंद्र, असुन्सिओन

विषय : काआ-हेए, म्हणजे गोड पानाचे आमचे रोप परत मिळणेबाबत.
संदर्भ : आपले पत्र व त्यासोबत आलेली गोड पुडी.

महोदय,

मी, ताक्वारा वस्तीतील एमेरेन्सियाना अर्से, सविनय कळविते की, आपल्या केंद्राचे डॉ. उल्दारिको फ्रेतेस गेल्या उन्हाळ्यात आमच्याकडे आले होते. आमच्या रानातले काआ-हेए संपले. उरलेले एक रोप आईने अंगणात जपले होते. डॉक्टर म्हणाले, "मावशी, द्या बिनधास्त. बाटलीत याची हजार पोरं करतो, निम्मी तुमच्या रानात आणून लावतो." आईने रोप मुळासकट दिले.

आपण विचारता, करार कोठे आहे? महोदय, डॉक्टर आमच्यात बसून तेरेरे, म्हणजे पाल्याचा आमचा थंड चहा, प्याले. एकच पेला, एकच नळी, आधी आईच्या तोंडी, मग त्यांच्या. अशा माणसाकडे कागद मागणे म्हणजे त्याच्या तोंडावर थुंकणे. आम्ही थुंकलो नाही, याची नोंद घ्यावी.

मी केंद्रात येऊन गेले. बाटलीतल्या रोपांच्या खाद्यात औषधाचे थेंब टाकतात. रोपाला वाटते कीड लागली, आणि जिवाच्या भीतीने ते गोडी वाढवते. गोडी दुप्पट झाली म्हणून त्या दिवशी केक कापला होता. डॉक्टर मला म्हणाले, "अहो बाई, हातमोजे घालून या." माझे नावही विसरले होते.

आपल्या पत्रानुसार मूळ रोप "तुकडे करून वापरात संपले" आणि बाटलीतली रोपे केंद्राची मालमत्ता आहेत. वर सदिच्छा म्हणून त्याच पानाच्या गोड भुकटीची पुडी. आमचेच पान, आम्हालाच पुडीतून! इकडे सेवेरोमामा रोज विचारतो, "काय गं, हजार पोरं कुठवर आली? चालत येतायत का?" आई रोपाच्या रिकाम्या खड्ड्याला पाणी घालते. ते पाहून मला जो संताप येतो तो अर्जात लिहिता येत नाही.

तरी विनंती की, औषध न दिलेले एक रोप द्यावे. एकच. तेही नियमात बसत नसल्यास डॉक्टरांना एकदा आमच्या अंगणात पाठवावे. आई पेला पुढे करील. त्यांनी न पिता "आभारी आहे" म्हणावे. आमच्यात तेवढ्याने सोबतचे पिणे संपते. तोवर आई त्यांना घरचाच माणूस समजते, आणि मला तो खड्डा बुजवू देत नाही.

आपली नम्र
('विश्वासू' लिहवत नाही)
एमेरेन्सियाना अर्से
ताक्वारा वस्ती, अमाम्बाय
दि. १४ ऑगस्ट

सोबत : गोड पुडी, न फोडता परत.