रतनला नवरदेवच लागतो

तीर्थरूप तात्याराव मामांना,

धायरीहून भाचा सूरजचा साष्टांग नमस्कार. (कंबर धरल्यामुळे सध्या आडवाच आहे, तेव्हा नमस्काराचे वेगळे कष्ट पडले नाहीत.) तुमची तब्येत उत्तम असणारच. रतन इकडे आल्यावर तिकडे बिघडण्यासारखं उरलंय काय? फोनवर आई कान लावून बसते, म्हणून लिहितोय.

वरातीचा धंदा बंद केलात आणि 'घोडी गरीब आहे' म्हणून रतन माझ्या गळ्यात मारलीत. म्हटलं, सोसायटीतल्या पोरांना रविवारी रपेट घडवू. पण खोगीर नुसतं दिसलं की बाईसाहेबांचे कान मागे. पोटाखालचा पट्टा आवळायला घ्यावा तर श्वास भरून पोट फुगवते, आणि मी रिकिबीत पाय टाकला की श्वास सोडते. मग खोगीर तिच्या पोटाखाली आणि मी खोगिराखाली. मंडईतून गाजरं आणली. ती खाऊन वर तिनं माझं मनगट चाखलं. ज्यांना आयुष्यात स्कूटर धड स्टँडवर लावता आली नाही, त्यांनी गल्लीत उभं राहून मला सल्ले दिले. शेवटी तुम्हाला विचारलं, तेव्हा तुम्ही निवांतपणे सांगितलंत की तिचा जन्म वरातीत गेलाय, तिला नवरदेवच लागतो, कपाळाला मुंडावळ्या बांध. (वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. घोडी देताना बोलला असतात तर जीभ झिजली नसती.)

बांधल्या. घोडी गाईसारखी उभी राहिली. तेव्हापासून रोज सकाळी मी, वय छत्तीस, बनियन, अर्धी चड्डी आणि मुंडावळ्या अशा थाटात खोगीर घालत होतो. नेमके अशाच एका सकाळी तनुजाचे वडील न कळवता घर बघायला आले. तनुजा म्हणजे कोथरूडचं स्थळ. आजवरच्या मुलींनी मला जमीन किती उरलीय ते विचारलं, हिनं घोडीचं नाव विचारलं. मामा, ती मला फार आवडली होती. घरात हे कुणाला बोललो नाही. वडील फाटकातूनच मागे फिरले आणि संध्याकाळी मध्यस्थाचा निरोप आला, की मुलाला जरा जास्तच घाई दिसते.

तरी आपली घोडी आपण घेऊन जावी. मला रपेट नको, आणि तुमचा सल्ला तर मुळीच नको. मामींना नमस्कार.

आपला,
सूरज

ता. क. घोडी इतक्यात नेऊ नका. तनुजाचं लग्न ठरलंय, मुलगा आयटीतला आहे. वरातीला घोडी हवी म्हणून तिच्या वडिलांनी माझ्याकडेच माणूस पाठवला. (जावई नापसंत, घोडी पसंत.) मी हो म्हणालो.

आणखी एक. सल्ला नको म्हणालो ते मागे घेतो. खऱ्या नवरदेवासाठी पट्टा आवळतानाही रतन पोट फुगवेल, असं तिला शिकवता येतं का? पत्रानंच कळवा.

वरचं रद्द समजावं. वरातीत त्याच्यापुढे तनुजाही बसणार आहे, असं आत्ताच कळलं. त्याला एकट्यालाच पाडेल अशी एखादी घोडी तुमच्या पाहण्यात असली तर सांगा.